येहूचे हाकणे

वाचनासाठी शास्त्रभाग : २ राजे ९:१-२८, १०:१५-३१, गणना २२:२१-३५, उत्पत्ती ३३:१२-१७

पवित्र शास्त्रात माणसांची ओळख नाना प्रकारे पटते. पेत्राची ओळख त्याच्या गालीली बोलीवरून पटली. येहूची मात्र रथ हाकण्यावरून पटली. इज्रेलाच्या बुरुजावरील पहारेकऱ्याला दुरून येणारी टोळी दिसली. योराम राजाने एकापाठोपाठ एक असे दोन घोडेस्वार चौकशीस पाठविले. एकही परत आला नाही. चेहरा दिसावा इतके ते लोक जवळ आले नव्हते, तरी पहारेकऱ्याने राजाला कळविले की, हा निमशीचा येहू असावा, कारण असे बेभान हाकणे त्याचेच. येहूच्या हाकण्याची कीर्ती त्याच्या आधीच राजनगरात पोहोचलेली होती!

येथे मूळ इब्री भाषेत जो शब्द आहे त्याचा अर्थ ‘वेडेपणा’ असा होतो. काही वचने आधी येहूच्या सोबतच्या सरदारांनी अलीशाच्या सेवकास ‘वेडा’ म्हणून हिणविले, तो शब्दही त्याच धातूपासून आलेला आहे. (इतिहासकार योसेफस अगदी उलट, येहू सावकाश व शिस्तीने येत होता असे लिहितो, परंतु मूळ कथेचा वेग पाहता ते पटत नाही.)

आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. येहू हा परमेश्वराविरुद्ध बंड करून निघालेला मनुष्य नव्हता. रामोथ-गिलाद येथे त्याला अभिषेक झाला होता आणि अहाबाच्या घराण्याविषयीची आज्ञा त्याला मिळाली होती. त्याचे काम देवाने नेमलेले होते. म्हणूनच हा पाठ आपल्यासाठी आहे. वाटेत त्याला रेखाबाचा पुत्र यहोनादाब भेटला, तेव्हा येहूने हात देऊन त्याला रथात घेतले व परमेश्वराविषयीची आपली आस्था पाहण्यास बोलाविले. आस्था खरी होती, पण ती कोणी तरी पाहावी असेही त्याला वाटत होते. आणि शेवटी शास्त्र त्याच्याविषयी काय नोंदविते? बआलाचा त्याने नायनाट केला. परंतु बेथेल व दान येथील सोन्याची वासरे तशीच राहू दिली, आणि परमेश्वराच्या नियमशास्त्राप्रमाणे मनापासून चालण्याची काळजी त्याने घेतली नाही. हाकण्यात ज्याची बरोबरी कोणी करू शकत नव्हते, त्याला चालणे साधले नाही! पुढे होशेयाच्या पहिल्या अध्यायात इज्रेलच्या रक्तपाताचा जाब येहूच्या घराण्याला विचारलेला आढळतो.

आपल्यापैकी किती जण उपासनेला, प्रार्थनासभेला किंवा आजाऱ्याच्या भेटीला निघाले असता येहूसारखे हाकतात! काम चांगले आहे, उशीर झाला आहे, एवढे कारण आपणांस पुरते. मागच्या काचेवर वचन लिहिलेले असते, आरशाला क्रूस टांगलेला असतो, आणि पुढच्या सायकलस्वाराच्या कानाशी भोंगा वाजत असतो. त्या सायकलस्वाराला काच दिसत नाही. त्याला फक्त भोंगा ऐकू येतो.

काही जण म्हणतात की, गाडी माणसाला बदलते. घरी गोगलगाय असलेला मनुष्य चक्र हाती येताच वाघ होतो. मला ते तितकेसे मान्य नाही. घरात व मंडळीत आपणांस नावाने ओळखणारी माणसे असतात, त्यांच्या नजरेचा धाक असतो. रस्त्यावर आपले नाव कोणाला ठाऊक नसते, आणि समोरच्याचा चेहरा आपणांस दिसत नाही. दिसते ती ‘रिक्षा’ किंवा ‘ट्रक’. शिवाय पायाखाली भरपूर शक्ती असते. झाकण निघाले की भांड्यात जे आहे तेच बाहेर येते.

बलामाचा संताप पाहा. त्याची गाढवी प्रथम शेतात शिरली, मग भिंतीला घासून तिने त्याचा पाय चेंगरला, शेवटी खालीच बसली. तिन्ही वेळा त्याने तिला मारले. त्याने रागाचे जे कारण सांगितले ते विशेष आहे : हिने माझी फजिती केली! वाट अडली यापेक्षा आपला मान गेला, हे त्याला बोचले. हातात तलवार असती तर ठार केले असते, असेही तो म्हणाला. आणि तलवार तर समोर दूताच्या हातात उपसलेली होती, जी गाढवीला दिसत होती व द्रष्ट्याला दिसत नव्हती. कोणी आपल्याला ओलांडून पुढे गेले की आपण चिडतो, ते बहुधा याच कारणाने.

ही केवळ स्वभावाची चर्चा नाही. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ साली भारतात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली. त्यांपैकी ७० टक्क्यांहून अधिक मृत्यू अतिवेगामुळे झाल्याची नोंद आहे. दुचाकीस्वार व पादचारी मिळून मृतांमध्ये सुमारे ६४ टक्के होते. म्हणजे जीव बहुतेक त्याचा जातो, ज्याच्याभोवती लोखंडी कवच नसते. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर अंतर कापते. पाय ब्रेकवर पोहोचेपर्यंतच तो सेकंद संपतो. वेग दुप्पट झाला की धक्क्याची शक्ती चौपट होते. आणि एवढे करून मिळते काय? २० किलोमीटरच्या वाटेवर ताशी ६० ऐवजी ८० ने गेल्यास पाच मिनिटे वाचतात, तीही रस्ता मोकळा असेल तर.

याकोबाचे हाकणे निराळे होते. एसाव बरोबर चलण्याचा आग्रह करीत होता. याकोबाने सांगितले की, मुले सुकुमार आहेत, दुभती जनावरे सोबत आहेत, एक दिवस जरी त्यांची अति दौड केली तरी कळप मरून जाईल. म्हणून मी त्यांच्या चालीने येईन. (तो पुढे सेईरास न जाता सुक्कोथास गेला, ही गोष्ट वेगळी, याकोब तो याकोबच!) तरी त्याच्या बोलण्यातील माप खरे आहे. काफिल्याची गती त्याने सर्वांत दुबळ्या जिवावरून ठरविली. आपल्या रस्त्यावर तो जीव म्हणजे काठी टेकीत ओलांडणारी म्हातारी, शाळेतून सुटलेले मूल, ओझे लादलेली हातगाडी.

येत्या रविवारी उपासनेसाठी घरून पंधरा मिनिटे आधी निघा. घरी परतल्यावर, शेजारी किंवा मागे बसणाऱ्या आपल्या घरच्या माणसाला विचारा की, माझ्या गाडीत बसताना तुला भीती वाटते काय? उत्तर देताना त्याला मध्येच थांबवू नका. लहान मुलांनाही विचारा. बुरुजावरच्या पहारेकऱ्याप्रमाणे आपले हाकणे त्यांना दुरूनच ओळखू येते.