टाकीवरचे नाव

गाडी जुनी असो वा नवी, लोक तिला नावाने ओळखतात. ते नाव टाकीवर लिहिलेले असते. पुष्कळ गाड्यांवर ते ब्रशाने काढलेले नसते. ते एका पातळ पापुद्र्यावर छापलेले असते आणि तो पापुद्रा टाकीवर चिकटवलेला असतो. कारागीर त्याला ट्रान्सफर किंवा डिकल म्हणतात. आज आपण हे ट्रान्सफर कसे बसवावे आणि कसे जपावे, ते पाहू.

आबांची बुलेट

आमच्या रात्रीच्या वर्गात एक शेतकरी येतो. त्याच्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, १९७४ साली बुलेट घेतली होती.

ही बुलेट मूळची इंग्लंडातली. तिथल्या रेडिच गावी तिचा कारखाना होता. १९५५ सालापासून ती मद्रासला, म्हणजे आताच्या चेन्नईला, तयार होऊ लागली. रॉयल एनफिल्ड कंपनी पूर्वी बंदुकीचे भाग करीत असे. म्हणून तिच्या चिन्हात तोफ आहे.

आबांची गाडी पुष्कळ वर्षे गोठ्यात पडून होती. मुलाने ती दुरुस्त करून घेतली. काळाभोर रंग दिला. गाडी अंगणात आणली. आबांचे वय आता ऐंशीच्या वर आहे. त्यांनी गाडीकडे पाहिले आणि विचारले, "कुणाची रे ही?"

"आपलीच, आबा."

"आपल्या गाडीवर नाव होतं."

आबांना वाचता येत नाही. नाव तर इंग्रजी अक्षरांत होते. पण त्या अक्षरांची वळणे त्यांच्या डोळ्यांत बसलेली होती.

मुलाने टपालाने ट्रान्सफर मागवले. पाकीट आले त्याच संध्याकाळी ते बसवायला घेतले. टाकीचा रंग दोनच दिवसांचा होता. एक नाव ओढताना फाटले. दुसरे कसेबसे बसले, पण खाली बुडबुडे राहिले. तिसऱ्या दिवशी पेट्रोल भरताना चार थेंब ओघळले. त्याने फडक्याने पुसले, तर अक्षरेही पुसून गेली!

तो वर्गात आला तो तोंड पाडूनच. "गुरुजी, पैसे गेले, अन् आबांपुढं जायची लाज वाटते."

आम्ही पाकीट पाहिले. आत एक घडी केलेला कागद तसाच होता. कुणी तो उघडलाच नव्हता! सगळी रीत त्यावर लिहिलेली होती. आम्ही तो कागद मराठीत सांगितला आणि त्याने आपल्या हाताने वहीत उतरवून घेतला. तीच रीत इथे देत आहोत.

बसवण्याआधी

जुने नाव शाबूत असेल तर ते खरवडू नका. जुनी खूण एकदा गेली की परत येत नाही. काढावेच लागले, तर आधी फोटो घ्या. पातळ कागद ठेवून ते गिरवून घ्या. टाकीच्या कडेपासून अंतर मोजून लिहून ठेवा.

टाकी गाडीवरून उतरवा. पेट्रोल पूर्ण काढा. पण रिकामी टाकी बिनधोक असते, असे समजू नका. तिच्यातली वाफ ठिणगीने भडकते. बिडी, चूल, दिवा लांब ठेवा.

रंग पुरता वाळू द्या. वरून कोरडा दिसला तरी आतून तो ओला असतो. मग खालून वाफ सुटते आणि चित्राखाली फोड येतात. किती दिवस थांबायचे ते रंगाच्या जातीवर असते. ते रंगाऱ्याला विचारा. टाकीवर तेल, मेण, बोटांचे डाग नसावेत.

पाण्याचे ट्रान्सफर

हे कागदावर असते आणि पाण्यात भिजवले की कागदापासून सुटते.

१. आधी कोरडेच टाकीवर धरून पाहा. जागेवर चिकटपट्टीचे छोटे तुकडे लावून खुणा करा. डावे कोणते, उजवे कोणते, ते तपासा.

२. एका वेळी एकच ट्रान्सफर घ्या. स्वच्छ कोमट पाण्यात साधारण अर्धा मिनिट भिजवा. मग बाहेर काढून जरा थांबा. बोटाने हळूच सरकवून पाहा. सरकत नसेल तर ओढू नका. आणखी थोडे भिजू द्या.

३. टाकीची जागा पाण्याने ओली करा. कागदासकट ट्रान्सफर जागेवर ठेवा. वरचा पापुद्रा धरून खालचा कागद अलगद सरकवून काढा.

४. ओले आहे तोवर जागा नीट करा. मग मऊ ओल्या फडक्याने मधून कडेकडे पाणी दाबून काढा. बारीक बुडबुडा राहिला तर सुईच्या टोकाने टोचा आणि दाबा.

५. एक दिवसभर वाळू द्या. उन्हात ठेवू नका. आजूबाजूला सांडलेला डिंक ओल्या फडक्याने पुसा.

मागे गोंद असलेले स्टिकर

आजकाल प्लॅस्टिकचे स्टिकरही मिळतात. ते कोरडे लावले तर जिथे टेकले तिथेच बसतात. म्हणून पाण्यात साबणाचे दोन-चार थेंब टाकून ते टाकीवर शिंपडावे. मग स्टिकर सरकवता येतो. जागा जमली की मधून बाहेर पाणी काढावे. वरचा कागद घाईने ओढू नये. गोंद धरला, म्हणजे तिरका आणि सावकाश काढावा.

वरचे कवच

पेट्रोल पुष्कळ रंग आणि छपाया विरघळवते. म्हणून पाण्याच्या ट्रान्सफरवर पारदर्शक लॅकरचे कवच चढवतात. साधे लॅकर पेट्रोलपुढे टिकत नाही. हार्डनर मिसळून मारायचे दुहेरी लॅकर टिकते. पहिला हात अगदी हलका, नुसता धुक्यासारखा मारावा. एकदम ओला थर दिला तर खालचा पापुद्रा सुरकुततो. पहिला हात वाळला की पुढचे हात द्यावेत. स्टिकरवर मात्र लॅकर चालते की नाही, ते विकणाऱ्याला आधी विचारावे.

इथे एक सांगणे आहे. या हार्डनरमध्ये पुष्कळदा आयसोसायनेट नावाचे द्रव्य असते. त्याची वाफ फुप्फुसांना बाधते. दम्याचा विकार जडू शकतो. तोंडाला बांधलेला रुमाल तिला अडवू शकत नाही. हे काम घरी करू नका. ज्याच्याकडे बाहेरची हवा पुरवणारा मुखवटा आणि बंद खोली आहे, अशा रंगाऱ्याकडून करून घ्या. लेकराबाळांना तिथे फिरकू देऊ नका.

पुढची काळजी

पेट्रोल सांडले तर लगेच पुसा. टाकी गळ्यापर्यंत भरू नका. धुताना साधे पाणी, सौम्य साबण आणि मऊ फडके घ्या. काथ्या, घासणी, जोराचा पाण्याचा फवारा चित्राच्या कडांवर नको. धुळीवर कोरडे फडके घासू नका, त्याने ओरखडे उठतात. गाडी सावलीत ठेवा.

पुढे काय झाले?

शेतकऱ्याने महिनाभर दम धरला. नवे ट्रान्सफर मागवले. टाकीवरचा जुना रंग तर खरवडला गेला होता. मग नाव नेमके कुठे बसवायचे? घरात लग्नातला एक फोटो निघाला. त्यात आबा बुलेटवर बसलेले होते. तो फोटो पुढे ठेवून त्याने जागा ठरवली. वही उघडी ठेवली आणि एकेक ओळ वाचून काम केले. वरचे कवच तालुक्याच्या रंगाऱ्याकडून मारून घेतले.

गाडी पुन्हा अंगणात आली. आबा काठी टेकीत जवळ गेले. वाकून पाहिले. एकेका अक्षरावरून बोट फिरवले. मग म्हणाले, "चावी कुठंय रे हिची?"

मंडळी, कागद वाचायला पाच मिनिटे लागतात. न वाचता केलेले काम निस्तरायला महिना लागला. खताची पिशवी असो, औषधाची बाटली असो की ट्रान्सफरचे पाकीट, आधी कागद उघडा, वाचा आणि मगच हात घाला.

सांगा पाहू

१. पहिल्या वेळी शेतकऱ्याच्या कोणत्या चुका झाल्या?
२. रिकाम्या टाकीजवळ बिडी का ओढू नये?
३. लॅकरचा पहिला हात हलका का मारतात?
४. तुमच्या घरातल्या एखाद्या पाकिटातला सूचनांचा कागद आणा आणि वर्गात वाचून दाखवा.