उतारावर पाऊल टाकण्यापूर्वी

ज्या क्रीडेत अज्ञानाचा दंड शरीराला भोगावा लागतो, तिची परिभाषा शिकणे हा पूर्वतयारीचाच भाग मानला पाहिजे, हे माझे मत गुलमर्गच्या मुक्कामात घडलेल्या एका दुर्घटनेने कायमचे दृढ केले. आणि महाराष्ट्रातून हिवाळ्यात तेथे जाणारी आपली मंडळी आता बर्फ पाहण्यावरच समाधान न मानता स्की अगर स्नोबोर्ड पायाला बांधू लागली असल्याने, तो अनुभव त्यांच्यापुढे ठेवणे मी माझे कर्तव्य समजतो.

साहित्य भाड्याने देणाऱ्या एका दुकानात माझ्या एका ज्येष्ठ स्नेह्यांना वजन, उंची आणि वय यांबरोबर ‘टाइप कोणता’ असे विचारण्यात आले. प्रश्न साहित्याच्या प्रतीविषयी आहे अशा समजुतीने त्यांनी ‘तीन’ असे उत्तर दिले, आणि कसलाही खुलासा न करता दुकानातील माणसाने त्याप्रमाणे स्क्रू आवळले. प्रश्न वस्तुतः त्यांच्या स्वतःविषयीचा होता. बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या यंत्राला बाइंडिंग म्हणतात. पडताना पायावर मर्यादेबाहेर पीळ आला की त्याने बूट सोडून द्यावा अशी त्याची रचना असते, आणि ती मर्यादा ज्या आकड्याने ठरवतात त्याला ‘डिन’ म्हणतात. सौम्य उतारावर सावकाश जाणारा तो पहिला टाइप, तीव्र उतारावर वेगाने जाणारा तो तिसरा. तिसऱ्याचा आकडा चढा ठेवतात, कारण भर वेगात स्की अवेळी सुटणे त्याला घातक असते. दुसऱ्या दिवशी जवळजवळ सपाट जागेवर, अगदी मंद गतीने आमचे स्नेही कलंडले. पाय पिळला गेला, स्की सुटली नाही, आणि नडगीचे हाड मोडले.

म्हणून नवागतांना माझी पहिली ताकीद अशी, की दुकानात निःसंकोचपणे ‘टाइप एक’ म्हणावे आणि लावलेला आकडा विचारून घ्यावा. स्नोबोर्डाची बाइंडिंगे मात्र पडताना सुटत नाहीत. तेथे डावा पाय पुढे ठेवणाऱ्यास ‘रेग्युलर’ व उजवा ठेवणाऱ्यास ‘गूफी’ म्हणतात, आणि उताराकडील कड बर्फात रुतून माणूस एकाएकी आपटतो त्यास ‘एज कॅच’ होणे म्हणतात. मनगटाला जपणारे साहित्य घालूनच बोर्डावर उभे राहावे.

दुसरे शब्द उताराचे. यंत्राने दाबून सारख्या केलेल्या वाटेला ‘पिस्ट’ म्हणतात व तिच्याबाहेरचे सारे ते ‘ऑफ-पिस्ट’. युरोपात सामान्यतः हिरवा, निळा, तांबडा आणि काळा या क्रमाने वाटा कठीण होत जातात. उत्तर अमेरिकेत तांबडा रंग नाही, निळ्या चौकोनानंतर एकदम काळा चौकट-आकार येतो. शिवाय हे रंग त्या त्या ठिकाणच्या इतर वाटांच्या तुलनेने ठरत असल्याने, एका गावची निळी वाट दुसऱ्या गावी पुरावा म्हणून चालत नाही. गुलमर्गचा गोंडोला, म्हणजे रज्जुमार्ग, पहिल्या टप्प्यात कोंगडोरीस व दुसऱ्यात अफरवट पर्वतावर, सुमारे ३,९५० मीटर उंचीवर नेतो. तेथून खाली येणारा प्रदेश बहुतांशी नैसर्गिक, न दाबलेल्या बर्फाचा आहे, आणि नवशिक्याने गोंडोलात जागा मिळाली एवढ्यावरून तेथून उतरण्याची मुभा मिळाली असे मानू नये.

तिसरे शब्द बर्फाचे, आणि येथे जोखीम जिवाची आहे. ताज्या, कोरड्या, भुसभुशीत बर्फाला ‘पावडर’ म्हणतात व तिच्यासाठी लोक दूरदेशांहून गुलमर्गला येतात. परंतु तोच बर्फ वाऱ्याने वाहून एका बाजूस साचला आणि त्याचा सलग थर झाला, की तो ‘विंड स्लॅब’ होतो आणि माणसाच्या भाराने मोडून हिमस्खलन होऊ शकते. अशी स्खलने बहुधा ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होतात. धोक्याच्या पंचपदरी श्रेणीतील तिसरी पायरी, ‘कन्सिडरेबल’, मध्यावर आहे म्हणून मध्यम समजू नये. माणसाच्या वावराने स्खलन होण्याचा संभव आहे, असा तिचा स्पष्ट इशारा असतो. फेब्रुवारी २०१० मध्ये गुलमर्गजवळ लष्कराच्या हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलचे १७ जवान हिमस्खलनात मृत्युमुखी पडले. पर्वतयुद्धाचे शिक्षण देणाऱ्या संस्थेवरही जेथे असा प्रसंग येतो, तेथे आपण हौशी माणसांनी ‘स्की पेट्रोल’ची, म्हणजे उतारांवरील सुरक्षा-गस्ती पथकाची, दोरी ही हद्द मानावी, आणि पुढे कधी तिच्यापलीकडे जाण्याइतके कौशल्य आले तर बीकन (गाडलेल्याचा ठाव देणारे संदेशयंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधण्याची काठी) व फावडे ही तिन्ही साधने सराव करून, जाणत्या वाटाड्यासह न्यावीत.

चौथा एक नियम शब्दांइतकाच पाठ असावा: पुढे, म्हणजे खाली असलेल्या माणसाचा वाटेवर प्रथम हक्क असतो, आणि त्याला टाळण्याची जबाबदारी वरून येणाऱ्याची.

प्रशिक्षक ‘स्नोप्लाउ’ म्हणाला तर स्कींची टोके जवळ आणि मागील बाजू फाकवून वेग आवरायचा. ‘फॉल लाइन’ म्हणाला तर सोडलेला चेंडू ज्या दिशेने घरंगळेल ती दिशा ओळखायची. यांपैकी एकही शब्द संदिग्ध राहिला, तर स्की बांधण्यापूर्वी, सर्वांसमक्ष, पुनःपुन्हा विचारा. आणि जो प्रशिक्षक वा दुकानदार सांगण्यास कंटाळतो, त्याच्याकडून त्या दिवशी ना विद्या घ्या, ना साहित्य.