दोन संगणकांची बोलणी : सी भाषेतील सॉकेटची ओळख

(द्वितीय वर्ष, बी. ए.)

कला शाखेच्या विद्यार्थिनीने संगणकांच्या जोडणीवर लेख लिहावा, याचे काहींना नवल वाटेल. मलाही वाटते. मराठी आणि अर्थशास्त्र हे माझे विषय. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे ‘हे आपल्यासाठी नाही’ असे म्हणून एखाद्या गोष्टीला लांबूनच हात जोडायची सवय अंगात मुरलेली. पण यंदा कॉलेजात सर्व शाखांसाठी सी भाषेचा प्रमाणपत्र वर्ग निघाला आणि मैत्रिणीच्या आग्रहाने मीही नाव घातले. वर्षाखेर प्रत्येकाने एक प्रोग्रॅम लिहून दाखवायचा होता. मी निवडलेले काम साधे होते : प्रयोगशाळेतील एका संगणकावर मराठी ओळ लिहायची आणि ती दुसऱ्या संगणकावर उमटवायची. मोबाइलवर आपण हे दिवसातून शंभर वेळा करतो. ते आतून कसे घडते, एवढेच पाहायचे होते. त्या खटाटोपात जे समजले, ते माझ्यासारख्या नवशिक्यांसाठी येथे मांडते.

दोन टोके

डेनिस रिची यांनी सी भाषा अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९७२ च्या सुमारास घडवली. जोडणीसाठी आज वापरली जाणारी सॉकेटची रीत मात्र नंतरची. ती १९८३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील युनिक्समधून सर्वदूर गेली. सॉकेट म्हणजे प्रोग्रॅमने जाळ्याशी बोलण्यासाठी मागून घेतलेले एक टोक. संभाषणाला अशी दोन टोके लागतात. एक टोक ठरलेल्या जागी बसून वाट पाहते, तो सर्व्हर. दुसरे आपणहून जाऊन दार ठोठावते, तो क्लायंट.

पत्त्याचे दोन भाग असतात. आय. पी. पत्ता संगणक दाखवतो आणि पोर्ट क्रमांक त्या संगणकातील नेमके दार दाखवतो. पोर्टचे क्रमांक ६५५३५ पर्यंत जातात. वेबसाइटसाठी ८०, पत्रव्यवहारासाठी २५ अशी काही दारे पूर्वापार ठरलेली आहेत, आणि युनिक्स पद्धतीच्या यंत्रांवर १०२४ च्या खालची दारे सामान्य वापरकर्त्याला सहसा उघडता येत नाहीत. मी ८०८० हे दार घेतले.

सर्व्हरच्या चार पायऱ्या

सर्व्हरला चार फंक्शने क्रमाने बोलवावी लागतात : सॉकेट, बाइंड, लिसन आणि ॲक्सेप्ट. ‘सॉकेट’ने टोक तयार होते आणि यंत्र आपल्या हाती एक छोटा आकडा ठेवते. तो बहुधा ३ असतो, कारण ०, १ व २ हे आकडे कळफलक, पडदा आणि चुकांचे संदेश यांनी आधीच घेतलेले असतात. ‘बाइंड’ने त्या टोकाला पत्ता आणि दार चिकटते. ‘लिसन’ने दार उघडे होते, किती जणांना रांगेत उभे राहू द्यायचे, तेही येथेच सांगतात. ‘ॲक्सेप्ट’ म्हणजे आलेल्याला आत घेणे. कोणी येईपर्यंत प्रोग्रॅम येथेच थांबून राहतो.

‘ॲक्सेप्ट’ची एक गोष्ट मला बरेच दिवस उमगत नव्हती. ते दर वेळी एक नवाच आकडा परत देते. आधीचे टोक असताना आणखी एक कशाला? उत्तर घरातच सापडले. माझे अण्णा बाजार समितीच्या फाटकावर कामाला आहेत. गाडी आली की ते वहीत नंबर टिपतात, गाळ्याची चिठ्ठी देतात आणि गाडी आत सोडतात. मालाची बोली आणि घासाघीस गाळ्यावर होते. अण्णा स्वतःच बोलीला बसले, तर फाटकावर गाड्या तुंबतील. पहिले टोक हे फाटक; ‘ॲक्सेप्ट’ने दिलेले नवे टोक हा गाळा. बोलणे नव्या टोकावर चालते आणि पहिले पुढच्या पाहुण्यासाठी मोकळे राहते.

क्लायंटचे काम निम्म्याने कमी. ‘सॉकेट’ने टोक घ्यायचे आणि ‘कनेक्ट’ला सर्व्हरचा पत्ता व दार सांगायचे. आतल्या आत तीन निरोप होतात. क्लायंट ‘येऊ का?’ विचारतो, पलीकडचे यंत्र ‘ये, आणि माझेही ऐकू येते ना?’ म्हणते, क्लायंट ‘येते’ म्हणतो. मग जोडणी पक्की.

माझा प्रोग्रॅम का बोलेना?

हे सर्व वहीत नीट उतरवून मी दोन्ही प्रोग्रॅम लिहिले. पहिली चाचणी एकाच संगणकावर घेतली. त्यासाठी १२७.०.०.१ हा पत्ता असतो. त्याचा अर्थ ‘मी स्वतः’. सर्व्हर सुरू केला, तो शांत बसला. क्लायंट सुरू केला, तो काही न बोलता बंद पडला. पुन्हा केला, पुन्हा तेच. तीन दिवस मी स्वल्पविराम आणि कंस तपासत राहिले. चौथ्या दिवशी सरांना सांगितले, “सर, मला दुसरा सोपा विषय द्या. हे कला शाखेच्या मुलीला जमणारं नाही.”

सरांनी माझी वही पाहिली आणि म्हणाले, “कनेक्टने नाही म्हटलं असेल. पण का नाही म्हटलं, ते तू विचारलंस का?”

हा प्रश्न मला लागला. पहिल्या वर्षी शिष्यवृत्तीचा अर्ज घेऊन मी एका कार्यालयाच्या खिडकीशी गेले होते. ‘कागद अपुरे आहेत’ एवढे ऐकून परत आले. कोणता कागद कमी आहे, हे विचारायचा धीर झाला नाही. घरी तरी कोणाला विचारणार? मुदत टळली. वर्षाची फी अण्णांनी उसनवारी करून भरली.

प्रोग्रॅममध्येही मी तेच करत होते. वर सांगितलेले प्रत्येक फंक्शन काम झाले की नाही ते परतीच्या आकड्यातून कळवते. उणे १ आला की काम फसले. मी तो आकडा पाहतच नव्हते. जोडणी झालेली नसतानाही माझा क्लायंट पुढे जाऊन ओळ पाठवू लागे आणि तिथेच बंद पडे. प्रत्येक पायरीनंतर आकडा तपासायचा आणि उणे १ असेल तर ‘पी-एरर’ हे फंक्शन बोलवायचे. ते कारण छापते. तसे करताच पडद्यावर उत्तर आले : जोडणी नाकारली.

हे उत्तर बरेच काही सांगून जाते. पत्ताच चुकला असता किंवा वाटेत कोणी निरोप अडवला असता, तर बहुधा बराच वेळ काहीच उत्तर आले नसते. नकार लगेच आला, याचा अर्थ यंत्र गाठले गेले; फक्त त्या दारात कोणी बसलेले नव्हते. मग माझा सर्व्हर बसला होता कुठे? उघड्या दारांची यादी दाखवणारी ‘नेटस्टॅट’ ही आज्ञा सरांनी दिली. यादीत माझा सर्व्हर होता, पण ३६८९५ क्रमांकाच्या दारात!

हा आकडा आला कुठून, याचा हिशेब असा. पोर्ट क्रमांक दोन बाइटांत मावतो. ८०८० म्हणजे ३१ गुणिले २५६ अधिक १४४; म्हणून बाइट ३१ आणि १४४. जाळ्यावर मोठ्या वजनाचा बाइट आधी लिहायचा, असा संकेत आहे. आमच्या प्रयोगशाळेतील इंटेल जातीचे यंत्र मात्र लहान आधी लिहिते. क्रम उलटला की १४४ गुणिले २५६ अधिक ३१, म्हणजे बरोबर ३६८९५. ही अदलाबदल करण्यासाठी सीमध्ये ‘एच-टॉन्स’ हे फंक्शन आहे. क्लायंटमध्ये मी ते लिहिले होते; सर्व्हर आधी लिहिला, तेव्हा ते मला ठाऊकच नव्हते. गंमत म्हणजे दोन्हीकडे विसरले असते, तर जोडणी झाली असती आणि चूक कळलीच नसती. एक शब्द घातला आणि दार उघडले.

मराठी ओळीचे तुकडे

पण अजून एक फजिती बाकी होती. ‘नमस्कार’ पोहोचला, लांब ओळ पाठवली की मधले एखादे अक्षर फुटून त्या जागी प्रश्नचिन्हे येत. याचे कारण मराठीच्या विद्यार्थ्यांना रंजक वाटेल. युटीएफ-८ या पद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीतील प्रत्येक चिन्हाला तीन. ‘नमस्कार’ या शब्दात न, म, स, हलन्त, क, काना आणि र अशी सात चिन्हे, म्हणजे २१ बाइट. टी. सी. पी. जोडणी ही पाटाच्या पाण्यासारखी वाहते. आपण ओळ एकदम पाठवली म्हणून ती पलीकडे एकदम मिळेल, असे नाही. शिवाय माझे भांडे ६४ बाइटांचे. त्यामुळे चिन्हाचा एक बाइट एका घोटात आणि दोन पुढच्या घोटात येत. मी प्रत्येक घोट वेगळ्या ओळीत छापत असल्याने अक्षर तुटे.

उपाय असा : ओळ संपल्याची खूण, म्हणजे १० हा बाइट, येईपर्यंत घोट साठवत राहायचे आणि मगच छापायचे. देवनागरी चिन्हाचा कोणताही बाइट १२८ पेक्षा लहान नसतो, म्हणून ही खूण अक्षराच्या पोटात कधी सापडत नाही. पाठवतानाही ‘सेंड’ने खरोखर किती बाइट नेले ते पाहून उरलेले पुन्हा पाठवावेत. घेताना ‘रिसीव्ह’कडून ० आला, तर समोरच्याने बोलणे संपवले असे समजावे. आणि शेवटी दोन्हीकडून ‘क्लोज’ करावे. सर्व्हर लगेच पुन्हा सुरू केल्यावर ‘पत्ता वापरात आहे’ अशी तक्रार आली, तर घाबरू नये. जुन्या जोडणीचे उरलेसुरले निरोप येऊन जावेत म्हणून यंत्र थोडा वेळ दार राखून ठेवते. ‘सेट-सॉक-ऑप्ट’ने पत्ता पुन्हा वापरण्याची मुभा आधीच मागता येते.

फेब्रुवारीत प्रोग्रॅम दाखवला. खिडकीजवळच्या संगणकावर मी ओळ लिहिली, ती दाराजवळच्या संगणकावर अखंड उमटली. अण्णांना घरी सांगितले, तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, “एका फाटकावर किती गाड्या घेतं तुझं मशीन?” एकाच वेळी अनेकांशी बोलणारा सर्व्हर मला अजून लिहायचा आहे. प्रश्न अगदी योग्य होता.

शिष्यवृत्तीच्या त्याच खिडकीशी मी यंदाही गेले. पुन्हा ‘कागद अपुरे आहेत’ असे ऐकले. या वेळी विचारले, “कोणता कागद?” उत्पन्नाचा दाखला मागच्या वर्षीचा होता. नवा काढायला चार दिवस लागले. अर्ज मुदतीत गेला.