डोक्यास मार लागलेल्या रुग्णास वेदनाशामक देताना

डोक्यास मार लागलेला रुग्ण दाखल झाला की नातेवाइकांची पहिली विनंती बहुधा एकच असते : "डॉक्टर, आधी दुखायचं थांबवा, झोपेचं इंजेक्शन द्या." ते तात्काळ दिले गेले नाही, तर रुग्णाकडे दुर्लक्ष होत असल्याचा समज होतो. हा समज दूर व्हावा, तसेच रुग्णास वेदनेत तसेच ठेवणे हाही उपचार नव्हे हे स्पष्ट व्हावे, यासाठी हा लेखनप्रपंच.

कवटी ही हाडाची बंद पेटी आहे. आत रक्तस्राव झाला किंवा मेंदूस सूज आली, तर दाब वाढतो आणि त्याची महत्त्वाची बाह्य खूण म्हणजे रुग्णाची शुद्ध. डोळे उघडणे, बोलणे व सांगितल्याप्रमाणे हालचाल करणे यांवरून ३ ते १५ गुण देण्याची पद्धत ग्लासगो येथील टीसडेल व जेनेट यांनी १९७४ मध्ये मांडली. ती आजही जगभर वापरात आहे. परिचारिका रुग्णास वारंवार उठवून नाव-गाव विचारते, डोळ्यांवर बॅटरीचा प्रकाश टाकते, ते यासाठीच. नातेवाइकांना तो त्रास वाटतो, परंतु सी.टी. स्कॅन होईपर्यंत, आणि नंतरही, हीच खरी राखण असते.

सुरुवातीस शुद्धीवर असलेला रुग्ण नंतर अत्यवस्थ होऊ शकतो. फेब्रुवारी १९९८ मध्ये ढाक्यात क्रिकेटपटू रमण लांबा यांच्या कानशिलावर चेंडू आदळला. ते चालत मैदानाबाहेर गेले. पुढे शुद्ध हरपली आणि तीन दिवसांनी त्यांचे निधन झाले.

आता औषधांविषयी. मॉर्फिन, पेंटाझोसिन, ट्रॅमाडॉल यांनी गुंगी व मळमळ येते; मग ही गुंगी औषधाची की रक्तस्रावाची, हे ओळखणे अवघड होते. मॉर्फिनने बाहुल्या बारीक होतात, म्हणजे तपासणीची आणखी एक खूण झाकली जाते. श्वास मंदावला तर रक्तातील कार्बन डायऑक्साइड वाढतो, मेंदूतील रक्तवाहिन्या रुंदावतात आणि दाब अधिकच वाढतो. ट्रॅमाडॉलने झटके येण्याचा धोकाही असतो. तथापि तीव्र वेदनेनेही रक्तदाब व मेंदूतील दाब वाढतो. म्हणून मांडीचे हाड मोडलेले असेल, तर श्वास व प्राणवायूवर लक्ष ठेवून अशी औषधे शिरेतून अल्प मात्रेत दिली जातात. ती रुग्णालयाबाहेर देऊ नयेत.

ऍस्पिरिन, आयबुप्रोफेन व डायक्लोफिनॅक यांचा दोष निराळा. रक्त गोठविणाऱ्या बिंबिकांचे काम ती मंदावतात. ऍस्पिरिनच्या एका मात्रेचा परिणाम आठवडाभर टिकू शकतो. दुकानातून 'अंगदुखीची गोळी' म्हणून आणलेल्या पाकिटात पॅरासिटामॉलबरोबर आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक अनेकदा असते. पाकिटावरील बारीक अक्षरे अवश्य वाचावीत. हृदयविकारासाठी रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास, मार किरकोळ वाटला तरी, ते डॉक्टरांना प्रथम सांगावे.

राहते साधे पॅरासिटामॉल. त्याने गुंगी येत नाही व नेहमीच्या मात्रेत रक्तस्रावाचा धोका वाढत नाही; म्हणून प्रथम पसंती त्यालाच. प्रौढास एका वेळी ५०० मिलिग्रॅम ते १ ग्रॅम, दोन मात्रांत किमान चार तासांचे अंतर, आणि २४ तासांत ४ ग्रॅमहून अधिक कदापि नाही. यकृताचा विकार, मद्याचे व्यसन किंवा वजन ५० किलोहून कमी असल्यास ही मर्यादा डॉक्टर कमी करतात. मुलांची मात्रा वजनावरून ठरते. सर्दीच्या गोळ्यांतही पॅरासिटामॉल असते, तेही हिशेबात धरावे. गुंगीत असलेल्या किंवा उलट्या होणाऱ्या रुग्णास मात्र तोंडाने गोळी, पाणी, चहा काहीही देऊ नये.

मुरगूड परिसरात उसाच्या हंगामात बिदरी व हमीदवाड्याच्या कारखान्यांकडे ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रात्रंदिवस रीघ असते. अंधारात मागून येणाऱ्या दुचाकीस्वारास उभी ट्रॉली दिसत नाही. अशा जखमीस कोल्हापुरास हलवावे लागले, तर वाटेत बराच वेळ जातो. म्हणून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका येईपर्यंत एका चिठ्ठीवर अपघाताची वेळ, शुद्ध हरपली होती का, उलटी किती वेळा झाली, कोणते औषध किती वाजता दिले, हे लिहून रुग्णासोबत द्यावे. वेळ नोंदलेली नसेल, तर पुढील डॉक्टरांना रुग्णाच्या गुंगीचा अर्थ लावणे कठीण जाते.

घरी सोडलेल्या रुग्णाजवळ पहिले २४ तास जाणते माणूस असावे. डोकेदुखी वाढत गेली, पुन्हा पुन्हा उलट्या झाल्या, झटका आला, नाका-कानातून पाण्यासारखा स्राव आला किंवा हाक मारूनही नीट जाग येईना, तर आणखी गोळी न देता रुग्णास थेट रुग्णालयात आणावे. मध्यरात्र असली तरीही.