हातानें कोरलेले ठसे व एकट्यानें चालविलेला धंदा

पत्राचा कागद, पाकीट, भेटकार्ड, पुस्तकांत चिकटवावयाची नांवाची चिठ्ठी, असल्या वस्तूंस आपण एकत्रितपणें ‘स्टेशनरी’ म्हणतों. यंत्रावर छापलेली स्टेशनरी बाजारांत स्वस्त मिळते. तरी हातानें ठसा कोरून व एकेक कागद हातानें छापून विकणारीं माणसें आजही आहेत. आणि त्यांतील पुष्कळांच्या घरीं कारागीर, कारकून, विक्रेता व हमाल हीं चारी कामें एकच व्यक्ति करिते. हा धंदा कसा चालतो आणि मुख्यतः कोठें बुडतो, हें विद्यार्थी व त्यांचे पालक या दोघांपुढें मांडावें असा आमचा हेतु आहे.

ह्या विद्येचा अधिकारी पुरुष पाहावयाचा असल्यास इंग्लंडांतील थॉमस ब्यूइक ह्याचें चरित्र पाहावें. हा १७५३ सालीं जन्मला व १७६७ सालीं न्यूकॅसल येथें राल्फ बील्बी नामक नक्षीगाराकडे उमेदवार राहिला. तेथें मोहोरा, बिलांवरील शीर्षचित्रें, भांड्यांवरील अक्षरें असलींच कामें चालत. ब्यूइकनें बॉक्स नांवाच्या झाडाच्या कठीण लांकडाच्या आडव्या कापावर, म्हणजे खोडाचीं वर्तुळें दिसतात त्या तोंडावर, कोरण्याची रीत पूर्णत्वास नेली. तेथें लांकडाचे तंतु उभे असल्यामुळें हत्यार वाटेल त्या दिशेस फिरतें व रेघ अतिशय बारीक निघते. चतुष्पाद प्राण्यांवरील त्याचा प्रसिद्ध ग्रंथ १७९० सालीं निघाला. त्यांतील चित्रें त्यानें दिवसाचें काम आटोपल्यावर संध्याकाळीं कोरलीं होतीं. दिवस बिलांच्या चित्रांचा, संध्याकाळ प्राण्यांची! आपल्याकडेही जावजी दादाजी लहानपणीं मुंबईच्या अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत कामास लागले, आणि त्यांनींच पुढें १८६९ सालीं निर्णयसागर छापखाना उभारला.

नवशिक्यानें मात्र लांकडाच्या वाटेस जाऊं नये. लिनोलियम नांवाचें मऊ जाड कापड त्यास अधिक बरें. फ्रेडरिक वॉल्टन ह्या इंग्रज गृहस्थानें अळशीचें तेल आटवून व त्यांत बुचाच्या लांकडाची भुकटी मिसळून हा पदार्थ सिद्ध केला, तो जमिनीवर अंथरण्यासाठीं. थंडीच्या दिवसांत तो कडक होतो. घटकाभर उन्हांत ठेविला म्हणजे लोण्यासारखा कापतो. त्याहूनही सोपें म्हणजे साधें खोडरबर. रबरानें पेन्सिलीची रेघ पुसतां येते हें जोसेफ प्रीस्टली ह्यानें १७७० सालीं लिहून ठेविलें. त्यावर चित्र कोरतां येतें हें शोधून काढण्यास शाळकरी मुलेंच पुरेशीं आहेत! हल्लींचीं बरींच खोडरबरें प्लॅस्टिकचीं असतात. तीं प्लॅस्टिकच्या डबींत ठेविल्यास डबीस चिकटतात, म्हणून कोरलेला ठसा नेहमीं कागदांत गुंडाळून ठेवावा.

चित्र मऊ पेन्सिलीनें पातळ कागदावर काढावें. तो कागद रबरावर पालथा घालून नखानें घासला म्हणजे चित्र आपोआप उलटें उतरतें, व छापल्यावर सुलटें होतें. आपल्या देवनागरी लिपींत शिरोरेषा सरळ असल्यामुळें ती सोपी जाते. परंतु ‘ष’च्या पोटांतील तिरपी रेघ व एकटा पडलेला अनुस्वार हे कोरणाऱ्याचे खरे परीक्षक होत. अनुस्वाराचा बुंधा रुंद ठेवावा, नाहीं तर थोड्याच छापांनंतर टिंब निखळतें आणि ‘आनंद’चा ‘आनद’ होतो. रेघेच्या कडा टेकडीच्या उतारासारख्या खालीं पसरत गेल्या पाहिजेत. रेघ खालून पोखरली गेल्यास ती दाबाबरोबर वाकते. वळण घेतांना कोरणी स्थिर ठेवून रबरच फिरवावें. दुसरा हात कोरणीच्या पुढें कधींही येऊं देऊं नये. हा नियम पालकांनीं विशेष ध्यानांत ठेवावा.

शाई व कागद ह्यांचें जमलें पाहिजे. कित्येक शायांत रंग पाण्यांत विरघळलेला असतो. अशी शाई कागदांत पसरते व उजेडानें फिकी पडते. ज्या शाईंत रंगाचे सूक्ष्म कण असतात ती टिकाऊ, पण गुळगुळीत कागदावर लवकर वाळत नाहीं. हातकागद ह्या कामास फार शोभतो. तो पूर्वी जुन्नरास होत असे, आणि १९४० सालीं पुण्यास हातकागद संस्था निघाली ती ह्याच विद्येच्या पुनरुज्जीवनासाठीं. कागदास खळ बेताची असावी. कोपऱ्यावर शाईचा एक थेंब टाकून तो फुटतो कीं थांबतो हें पाहावें.

आतां हिशेबाकडे वळूं. कारण कोरणीनें बोट कापलें तर आठवड्यानें भरतें, हिशेब चुकला तर धंदाच जातो. समजा, दहा कार्डें व दहा पाकिटें ह्यांच्या एका संचास कागद, शाई व वेष्टण मिळून १०० रुपये लागतात. छापणें, घड्या घालणें व बांधणें ह्यांस एक तास लागतो. ठसा कोरण्यास तीन तास लागले व त्यावर तीस संच छापले, तर प्रत्येकाच्या वांट्यास सहा मिनिटें येतात. पत्रव्यवहार, खरेदी व रवानगी ह्यांस अर्धा तास धरावा. एकूण ९६ मिनिटें झालीं. तासास १०० रुपये मजुरी धरली तर १६० रुपये, म्हणजे संच २६० रुपयांस पडला. नवीन माणूस बहुधा १०० वर थोडा नफा चढवून १५० सांगतो, आणि खपही चांगला होतो! पण तेव्हां त्याची मजुरी तासास ३१ रुपयेच पडते. हाच २६० चा संच दुकानांत ठेविला व दुकानदारानें रुपयामागें ४० पैसे घेतले, तर हातीं १५६ येतात; सामानाचे १०० वजा जातां ५६ उरतात, म्हणजे तासास ३५ रुपये. दुकानांत पुरी मजुरी सुटावयाची तर किंमत सुमारें ४३३ पाहिजे. आणि घरीं २६० व दुकानांत ४३३ असे दोन भाव ठेविले तर दुकानदार लवकरच नमस्कार करील. घरांतील मुलानें किंवा मुलीनें हें काम केलें म्हणजे ‘त्याच्या वेळेचे कसले पैसे?’ असें म्हणणारे पालक आम्हीं पाहिले आहेत. वेळेची किंमत न धरणें हीच ह्या धंद्याची खरी कीड आहे.

लग्नाच्या मागणीचा हिशेब निराळा. वधूवरांच्या नांवांचा ठसा दुसऱ्या कोणाच्याही उपयोगी पडत नाहीं, म्हणून कोरण्याच्या तीन तासांचे ३०० रुपये निराळे व आगाऊ घ्यावेत, आणि पहिला छाप दाखवून नांवांच्या शुद्धलेखनास लेखी संमति घ्यावी. चित्र मात्र स्वतःचें असावें. दुसऱ्याचें चित्र कोरून विकणें ही चोरीच होय. आपल्या कायद्याप्रमाणें चित्रकाराचा हक्क त्याच्या मृत्यूनंतरही ६० वर्षें टिकतो.

दिवसाचे आठ तास व आठवड्याचे सहा दिवस काम केलें तर ९६ मिनिटांच्या हिशेबानें आठवड्यास तीस संच होतात, त्याहून अधिक नाहीं. एकट्याचे हात दोनच! तेव्हां दिवाळीसाठीं तीनशे संचांची मागणी आल्यास काम दहा आठवडे आधीं, म्हणजे श्रावणांतच, सुरू झालें पाहिजे.