इकाम्याची मुदत सांभाळा

रत्नागिरी-रायगडात असा मोहल्ला क्वचितच सापडेल, जेथून कोणी आखातात कमावण्यास गेलेले नाही. जाण्यापूर्वी पगार किती, राहण्याची सोय कशी, हे आपण दहादा विचारतो. कामाचा परवाना कोण काढणार व त्याचे नूतनीकरण कोण करणार, हे मात्र विचारायचे राहून जाते. सौदी अरेबियाचे उदाहरण घेऊन हे समजून घेऊ.

निघण्यापूर्वी : पासपोर्टवर ईसीआर शिक्का असल्यास 1983 च्या उत्प्रवासन कायद्यानुसार सरकारी मंजुरी घ्यावी लागते. नोंदणीकृत एजंटाला 30,000 रुपये आणि त्यावरील जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. पावती मागून घ्या. ‘आता व्हिजिट व्हिसावर जा, तेथे बदलून देतो’ असे कोणी म्हणाल्यास सरळ नकार द्या.

पोहोचल्यावर : 90 दिवसांच्या आत इकामा मिळावयास हवा. सौदी श्रम कायद्याच्या 40 व्या कलमाप्रमाणे इकामा व कामाचा परवाना काढण्याचा, नूतनीकरणाचा आणि उशिराच्या दंडाचाही खर्च मालकाचा आहे. तो पगारातून कापणे कायद्याला धरून नाही. पासपोर्ट ठेवून घेण्याचाही मालकाला अधिकार नाही.

मुदत संपल्यास : आमच्या परिचयातील एक वेल्डर सात महिने ‘होईल, होईल’ एवढेच ऐकत राहिले. गावी वडील अत्यवस्थ झाले, पण इकामा संपलेला असल्याने जाऊन परत येण्याचा व्हिसा निघेना. ते घरी पोहोचले तेव्हा दफन होऊन तीन आठवडे झाले होते. चूक मालकाची होती, भोगावे लागले मुलाला.

मार्ग आहे : मार्च 2021 पासून लागू झालेल्या सुधारणांनुसार, मालकाने इकामा वा परवाना संपू दिला तर कामगाराला त्याच्या संमतीशिवाय दुसरीकडे नोकरी बदलता येते. लागोपाठ तीन महिने पगार न मिळाल्यासही हीच मुभा आहे. घरकामगार, घरचे ड्रायव्हर, माळी, मेंढपाळ व शेतमजूर यांना मात्र या सुधारणा लागू झाल्या नाहीत. त्यांनी आधी चौकशी करावी. काम सोडून परस्पर निघून जाऊ नये. गैरहजेरीची नोंद झाली की न्याय्य बाजूही लंगडी पडते. आधी तक्रार नोंदवावी; रियाधचा भारतीय दूतावास वा जेद्दाहचे वाणिज्य दूतावास यांची मदत घ्यावी.

आमची सूचना साधी आहे. इकामा व पासपोर्ट या दोन्हींच्या मुदती वहीत लिहून ठेवा आणि त्या वहीची एक प्रत घरी द्या. इकाम्याची मुदत ‘अबशर’वर स्वतः तपासा. तीन महिने आधी मालकाला लेखी आठवण द्या व तिची नक्कल जपा. करार, पगाराच्या नोंदी व इकाम्याची प्रतही गावी असू द्या. वेळ आली तर घरच्यांना तुमच्यासाठी धावपळ करता येईल, ती या कागदांच्याच आधारे.