संशय माणसावर नको, मागणीवर हवा

सेवाग्राम आणि सावंगीची मेडिकल कॉलेजं, हिंदी विद्यापीठ, जिल्ह्याच्या कचेऱ्या यांमुळे वर्धा आणि त्याला लागून असलेल्या नालवाडीसारख्या भागात माणसं येतात, चार-दोन वर्षं राहतात आणि शिक्षण संपलं किंवा बदली झाली की निघून जातात. मागे उरतो दिवाण, कुलर, अभ्यासाचं टेबल, एखादी स्कूटी. पूर्वी हे सामान घरमालकाच्या गळ्यात पडायचं, नाहीतर भंगारवाला उचलायचा. आता फोटो काढून ओएलएक्सवर किंवा फेसबुकच्या मार्केटप्लेसवर टाकले की थोड्या वेळात फोन वाजतो, आणि तिथूनच लोकांचा नेहमीचा प्रश्न सुरू होतो: समोरचं गिऱ्हाईक खरं की लबाड, हे ओळखायचं कसं? माझं म्हणणं असं की हा प्रश्नच चुकीचा आहे. फोनवरच्या आवाजावरून माणूस ओळखता येत नाही आणि ओळखायची गरजही नाही. तो काय मागतो आहे, एवढंच बघायचं. माणूस कितीही सभ्य असो, मागणी वाकडी असेल तर व्यवहार तिथेच थांबवावा. आणि बोलणं कितीही उद्धट असो, मागणी सरळ असेल तर त्याला कुलर विकायला काही हरकत नाही.

या मताला कारण आहे. देशभर गाजलेला प्रकार म्हणजे फोनवरचा ‘फौजी’. बोलणारा स्वतःला लष्करातला सांगतो, गणवेशातला फोटो आणि ओळखपत्र पाठवतो, बदली झाली आहे म्हणतो, सामान घ्यायला माणूस पाठवतो म्हणतो आणि पैसे लगेच देतो म्हणतो. दुसऱ्या गावात हे ऐकून कुणाला शंका येईल, पण वर्धा जिल्ह्यात का यावी? पुलगावला केंद्रीय दारूगोळा भांडार आहे, नागपूरजवळ कामठीची छावणी आहे. इथे फौजी शेजारी असतो, नातेवाईक असतो, दुकानात रांगेत पुढे उभा असतो. त्यामुळे ‘मी पुलगाव कॅम्पातून बोलतोय’ हे वाक्य इथे सहज खरं वाटतं, आणि बऱ्याचदा ते खरं असूही शकतं. म्हणजे माणसावर संशय घेण्याची रीत इथे दोन्हीकडून फसते: लबाडावर विश्वास बसतो किंवा खऱ्या जवानाचा अपमान होतो. पाठवलेल्या ओळखपत्राचाही उपयोग शून्य, कारण ते सहसा आधी फसवलेल्या एखाद्या दुसऱ्याच माणसाचं असतं. म्हणूनच ‘तुमचं आधार पाठवा, आमच्या युनिटमध्ये नोंद करावी लागते’ असं कुणी म्हटलं तर पाठवू नये. पुढच्या गिऱ्हाइकाला दाखवलं जाणारं ओळखपत्र तुमचं असेल.

आता वाकडी मागणी कशी दिसते ते जवळून पाहू. भाव ठरतो, तोही घासाघीस न करता. (जुन्या कुलरचा भाव पाडून न मागणारा माणूस आपल्याकडे कुणी पाहिला आहे का, हा प्रश्न तेवढ्यापुरता बाजूला ठेवू.) मग समोरचा म्हणतो, आधी पाच रुपये पाठवतो, आले का बघा. ते खरंच येतात. इथे निम्मं काम झालेलं असतं, कारण पैसे देणारा माणूस म्हणून तो आता मनात पक्का बसतो. मग व्हॉट्सअॅपवर क्यूआर कोड येतो: हा स्कॅन करा, पिन टाका, आठ हजार तुमच्या खात्यात जमा होतील. कोड स्कॅन केल्यावर पडद्यावर ‘आठ हजार रुपये प्राप्त होतील’ असं लिहिलेलंही दिसू शकतं. हे लिहिलं कुणी? यूपीआयच्या कोडमध्ये रक्कम भरून ठेवता येते, नाव ठेवता येतं आणि एक छोटी टीपही ठेवता येते. ती टीप कोड बनवणाऱ्याच्या हातची असते, तिथे तो वाटेल ते लिहू शकतो. अॅपचं स्वतःचं बोलणं फक्त खालच्या बटणावर असतं, आणि तिथे पैसे भरण्याचा शब्द असतो. घाईत आणि आनंदात माणूस टीप वाचतो, बटण वाचत नाही.

यूपीआयची रचना या बाबतीत अगदी सरळ आहे. पैसे घ्यायला पिन लागत नाही, कोड स्कॅन करावा लागत नाही, कुठल्या दुव्यावर बोट ठेवावं लागत नाही. पिन लागतो तो पैसे द्यायला किंवा स्वतःची शिल्लक बघायला. तेव्हा विकणाऱ्याला पिन टाकायला लावणारी कोणतीही मागणी, कारण काहीही सांगितलेलं असो, पैसे काढून घेण्याचीच असते. याला अपवाद नाही, आणि अपवाद नसलेले नियम आपल्या आयुष्यात फार थोडे असतात. हा एक आहे म्हणून तो सांभाळून ठेवावा.

यावर ठरलेला आक्षेप येतो: हे अडाण्यांचं होतं, शिकल्या-सवरल्या माणसाला कोण फसवणार? फेब्रुवारी २०२१ मध्ये दिल्लीचे तेव्हाचे मुख्यमंत्री अरविंद केजरीवाल यांच्या उच्चशिक्षित मुलीने जुना सोफा विकायला ऑनलाइन टाकला होता. गिऱ्हाइकाने आधी किरकोळ रक्कम पाठवून खातं तपासल्याचं दाखवलं, मग क्यूआर कोड पाठवला. आधी २०,००० रुपये गेले. चूक झाली, परत करतो म्हणून पुन्हा स्कॅन करायला लावल्यावर आणखी १४,००० गेले. शिक्षण इथे कामाला आलं नाही याचं मला नवल वाटत नाही. सावध राहण्याची सवय आपल्याला विकत घेताना असते. विकायला बसलो की आपण पैसे येण्याची वाट बघत असतो आणि जाण्याची भीती मनातून निघून जाते. दुसरी रक्कम गेली ती तर पहिली परत मिळवण्याच्या धडपडीत. म्हणून एकदा पैसे गेले की ‘परत पाठवतो’ म्हणणाऱ्याशी एक शब्दही पुढे बोलू नये.

दुसरा आक्षेप जास्त विचार करण्याजोगा आहे. सरकार आणि बँका उपाय करतातच, मग आपण किती काळजी करायची? उपाय झाले आहेत हे खरं. यूपीआय चालवणाऱ्या राष्ट्रीय देयक महामंडळाने १ ऑक्टोबर २०२५ पासून एका माणसाने दुसऱ्या माणसाकडे पैशाची मागणी पाठवण्याची सोयच बंद करायला लावली, कारण तिचा गैरवापर फार होता. त्याने एक वाट बुजली. पण क्यूआर आहेच. शिवाय ‘कुरिअरवाला येईल, हा फॉर्म भरा’ म्हणून येणारी एपीके फाइल आहे, फोनचा पडदा समोरच्याला दिसू देणारी अॅपं आहेत, पैसे भरल्याचे बनावट स्क्रीनशॉट आहेत, आणि बँकेसारखा दिसणारा पण साध्या दहा आकडी मोबाइल नंबरवरून आलेला मेसेज आहे. त्यातच ‘चुकून ८,००० ऐवजी १८,००० पाठवले, वरचे दहा परत करा’ हा जुनाच डाव. यातल्या पैसे आल्याच्या सगळ्या दाव्यांवर तोडगा एकच: मेसेज आणि चित्रं बघू नका, बँकेचं अॅप स्वतः उघडून शिल्लक बघा. डावाची रूपं दर वर्षी बदलतील, सगळी पाठ करणं कुणालाच जमणार नाही. म्हणूनच मी मागणीकडे बघा म्हणतो, युक्तीकडे नाही.

सरळ मागणीचा क्रम ठरलेला आहे: यावं, बघावं, पैसे द्यावेत, उचलून न्यावं. जो खरेदीदार हा क्रम उलटवू पाहतो, न बघताच पैसे देतो म्हणतो, न येताच माल न्यायला गाडी पाठवतो म्हणतो, त्याला एवढंच सांगावं: ‘दादा, येऊन बघून जा, नाहीतर नालवाडीत कुणी ओळखीचं असेल त्याला पाठवा.’ खरा जवान ड्युटीमुळे येऊ शकत नसेल तर घरच्या कुणाला, मित्राला पाठवेल. तो माणूस कुलर चालवून बघेल, पंख्याचा आवाज ऐकेल, दोनशे कमी करा म्हणेल. खोट्याला मात्र पाठवायला माणूसच नसतो, त्यामुळे तो चिडतो किंवा गायब होतो. इथे कुणी म्हणेल, अशाने चांगली गिऱ्हाइकं जातील. काही जातील, हे कबूल. पण जुन्या दिवाणासाठी चंद्रपूरहून न बघता पैसे पाठवणारा माणूस गेल्याने जे नुकसान होतं ते शेजारच्या गल्लीतल्या माणसाला पाचशे कमी घेऊन दिल्याने होणाऱ्या नुकसानाहून मोठं नाही. घरी एकटी बाई असेल, म्हातारी माणसं असतील तर हा क्रम घराच्या दारात पाळायचाही आग्रह नको. लहान वस्तू वर्दळीच्या चौकात, बँकेच्या शाखेबाहेर दिवसा द्यावी. जड वस्तू न्यायला येतील तेव्हा शेजारच्या कुणाला तरी उभं करावं.

एक बाब मात्र फार कमी लोकांच्या लक्षात येते: खात्यात खरे पैसे आले तरी ते कुणाचे आहेत हा प्रश्न उरतो. सायबर गुन्ह्यातला पैसा एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात फिरवला जातो, आणि तक्रार झाली की पोलिसांच्या सांगण्यावरून बँका त्या साखळीतल्या खात्यांतली रक्कम अडवून ठेवतात, कधी अख्खं खातंच गोठतं. चोरीच्या पैशाने कुणी तुमचा मोबाइल विकत घेतला तर त्या साखळीत तुमचंही खातं येऊ शकतं, आणि मग निष्पाप असूनही खुलासे करत बसावं लागतं. म्हणून वस्तू न्यायला आलेल्या माणसाच्याच खात्यातून पैसे घ्यावेत, पडद्यावरचं नाव आणि समोरचं नाव जुळतं का ते बघावं, तिसऱ्याच नावाने पैसे येत असतील तर नको म्हणावं. वस्तू, तारीख, किंमत आणि दोघांच्या सह्या असलेली साध्या कागदावरची पावती व तिचा मोबाइलमध्ये फोटो, एवढं पुरतं. रोख घेतली तर नोटा समोरच मोजून, उजेडात तपासून घ्याव्यात; मात्र दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेणं आयकराच्या कायद्याने मना आहे, हे गाडी विकणाऱ्यांनी विसरू नये.

गाडीचं प्रकरण तर वेगळंच आहे. तिथे पैसे पूर्ण मिळाल्यावरही विक्री संपत नाही. वर्ध्याची एमएच-३२ स्कूटी नागपूरच्या कुणी घेतली, पैसे दिले, ‘नावावर करून घेतो’ म्हणून कागद नेले आणि पुढे काहीच केलं नाही, तर आरटीओच्या दप्तरात मालक तुम्हीच राहता. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका अशाच प्रकरणात निकाल दिला. गाडी २००७ मध्ये विकली गेली होती, पुढे हातोहात फिरली, २००९ मध्ये तिने अपघात केला. भरपाईची जबाबदारी न्यायालयाने दप्तरी मालकावर टाकली, कारण नोंद त्याच्याच नावाची होती. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात विक्री झाली की विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. फॉर्म २९ आणि ३० वर लागणाऱ्या सह्या, खरेदीदाराच्या ओळखपत्राची प्रत आणि नोंदणीची पावती हातात आल्याशिवाय मूळ आरसी देऊ नये. ‘एक चक्कर मारून बघतो’ म्हणणाऱ्याला किल्ली द्यायची तर मागे स्वतः बसावं. याला कुणी अविश्वास म्हणेल, पण ज्याला गाडी घ्यायची आहे त्याला मागे मालक बसल्याचा त्रास होत नाही.

आणि एवढं करूनही पैसे गेले तर? ताबडतोब १९३० ला फोन करावा, सायबर क्राइमच्या सरकारी संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी, बँकेला कळवावं. पैसे पुढच्या खात्यात वळण्याआधी अडवायचे असतील तर खेळ मिनिटांचा असतो. ‘आधी त्यालाच समजावून बघतो’ यात गेलेला तास परत मिळत नाही. ग्राहकाचा दोष नसताना झालेल्या व्यवहारांत रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने ग्राहकाला संरक्षण दिलं. पण पिन स्वतः टाकला किंवा दुसऱ्याला सांगितला असेल, तर त्या परिपत्रकाप्रमाणे बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं त्यालाच सोसावं लागतं. ते कळवणं जितकं लवकर, तितकं बरं. तक्रार करताना समोरच्याचा नंबर, यूपीआय आयडी, व्यवहार क्रमांक आणि गप्पांचे स्क्रीनशॉट लागतात, म्हणून रागाच्या भरात ते संभाषण पुसू नये.

वस्तू विकली गेली की त्याच दिवशी जाहिरातही काढून टाका. ती तशीच राहिली तर तुमचा नंबर तिथे उघडा राहतो, आणि कुलर गेल्यानंतरही फोन येतच राहतात.